नागलीचे पापड, भाड्याची खोली आणि अनुदानाचा अर्ज

आमच्या सासरची जमीन आणि घर इगतपुरी तालुक्यातील एका धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेले, तेव्हा माझे लग्नही झालेले नव्हते. त्या गावाची जोती मी पाहिली ती उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावरच. सासूबाईंनी तेथून फारसे सामान आणले नाही, पण नागलीच्या पापडांचा हात मात्र आणला. २०२० च्या टाळेबंदीनंतर माझ्या यजमानांचे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी काम सुटले आणि तोवर शेजारपाजारच्या मागणीपुरते होणारे पापड हाच घराचा आधार झाला. भाड्याच्या दोन खोल्यांतून हा व्यवसाय वाढवण्यासाठी अनुदान मिळवताना जे करावे लागले, ते आमच्यासारख्या विस्थापित कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

आम्ही अर्ज केला तो केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत. २०२० साली सुरू झालेली ही योजना महाराष्ट्रात कृषी विभागामार्फत राबवली जाते. वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. किमान १० टक्के रक्कम आपली असावी लागते आणि उरलेली बँक कर्ज म्हणून देते. अनुदान म्हणजे हातात पडणारी रक्कम, असा माझा समज होता आणि तो पहिल्याच दिवशी दूर झाला हे बरे झाले. कर्ज मंजूर झाल्याशिवाय अनुदान नाही, आणि आलेले अनुदानही बँकेत वेगळ्या खात्यात तीन वर्षे राहते. त्या काळात उद्योग चालू असला आणि कर्ज थकले नसले, तरच ते कर्जात वळते होते.

कृषी कार्यालयाने आम्हाला जिल्हा संसाधन व्यक्तींकडे, म्हणजे अर्ज आणि प्रकल्प अहवालासाठी मदत करणाऱ्यांकडे पाठवले. त्यांचे मानधन शासन देते, अर्जदाराने त्यांना काहीही द्यायचे नसते. प्रकल्प अहवालासाठी त्यांनी सासूबाईंना विचारले, "आजी, महिन्याला किती किलो माल निघतो?" सासूबाईंचा सारा हिशेब पायलीचा आणि लाट्यांचा. शेवटी आम्ही एक पायली नागली घरच्या काट्यावर मोजली, दळून आणली, उकड काढली, आणि दिवसभरात वाळलेले पापड मोजून किलोमागे साधारण शंभर असा आकडा काढला. पीठ, तीळ, पापडखार, गॅस आणि दळणाचा खर्च त्यांनी एकेक करून लिहून घेतला. सासूबाईंनी आपल्या मजुरीचा आकडा कधी धरलेलाच नव्हता. तो धरल्यावर कळले की इतकी वर्षे आम्ही पापड जवळजवळ उत्पादन खर्चातच विकत होतो. माझ्या मते या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोलाचे काम तेच झाले. पीठ मळण्याचे यंत्र, पापड प्रेस आणि पावसाळ्यासाठी छोटा ड्रायर मिळून प्रकल्प १,८०,००० रुपयांचा ठरला. आमचे १८,०००, बँकेचे १,६२,००० आणि त्यातील ६३,००० अनुदानाचे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार क्रमांकावर विनाशुल्क होते. एका संगणक केंद्रात तिचेच पैसे मागितले गेले, म्हणून ती आम्ही मोबाईलवर स्वतः केली. अन्न सुरक्षेची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपयांत झाली आणि चौदा अंकी क्रमांक मिळाला.

खरी अडचण पत्त्याची होती. शिधापत्रिकेवर बुडालेले गाव, आधारवर यजमानांच्या मामांचे घर, आणि उद्योग मात्र अंबडच्या खोलीत. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मी मोठ्या आशेने जोडला होता. पण तो मुख्यतः शासकीय नोकरीतील ५ टक्के समांतर आरक्षणासाठी उपयोगी पडतो, आमच्या अर्जात त्याला रकानाच नव्हता. ज्याचे घर सार्वजनिक कामासाठी गेले, त्याच्याकडेच पक्क्या पत्त्याचा पुरावा मागताना त्या दाखल्याला काहीच वजन नसावे, याचे मला आजही वाईट वाटते.

आधारवरचा पत्ता आम्ही बदलून घेतला. बँकेला मात्र जागेचा नोंदणीकृत करार आणि वीजबिलाबरोबर घरमालकीणबाईंचे संमतीपत्र हवे होते. आजवर आम्ही साध्या कागदावर राहत होतो. करार नोंदवला की आम्ही खोलीवर हक्क सांगू, अशी घरमालकीण काकूंना भीती वाटत होती, आणि त्यांचे वय व एकटेपण पाहता ती भीती मला समजत होती. संसाधन व्यक्तींनी त्यांना शांतपणे सांगितले की, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि अनुज्ञप्ती करारातून (लीव्ह अँड लायसन्स) भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही. काकूंनी तो मसुदा आपल्या पुतण्याकडून वाचून घेतला आणि आठ दिवसांनी ३६ महिन्यांसाठी सही केली.

त्यानंतर पहिल्या बँकेने तारण मागितले. सूक्ष्म उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे निर्देश असल्याचे आम्ही लेखी निदर्शनास आणले, तरी फाईल दोन महिने तिथेच पडून राहिली. दुसऱ्या शाखेतील अधिकारी स्वतः खोली पाहायला आले, सासूबाईंनी तळून दिलेला पापड त्यांनी खाल्ला, आणि तीन आठवड्यांत मंजुरी आली.

यंत्रे आली त्याला आता दोन वर्षे होतील. पावसाळ्यात बंद राहणारे काम ड्रायरमुळे चालू राहते आणि हप्ता एकदाही चुकलेला नाही. कराराची मुदत मात्र अनुदान वळते होण्याआधीच संपते, हे हिशेब करताना माझ्या ध्यानात आले नव्हते. म्हणून गेल्या महिन्यात मी काकूंकडे नूतनीकरणाचा विषय काढला. त्यांनी आधीचा करार कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला आणि या वेळी मुदत किती लिहायची, एवढेच विचारले.