केशराच्या नावाचं गाव

आई-आण्णा गेल्या ऑक्टोबरात केंब्रिजला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना लंडन दाखवायचं असं आम्ही ठरवूनच ठेवलं होतं. पण एका रात्री जेवताना मी सहज बोलून गेले, की इथून आगगाडीने पंधरा-वीस मिनिटांवर एक गाव आहे, त्याच्या नावातच केशर आहे. आईने हातातला घास ताटात ठेवला. "काय गं, हितं केशर पिकतंय व्हय?" पूर्वी पिकायचं, म्हटलं. "मग आधी ते दाखव. लंडन काय पळून जात नाही."

गावाचं नाव सॅफ्रन वॉल्डन. एसेक्स परगण्याच्या वायव्य टोकाला आहे. गावातून जाणारा आगगाडीचा फाटा १९६४ मध्ये बंद झाला, त्यामुळे ऑडली एंड स्टेशनवर उतरून पुढचे दोन मैल बसने जावं लागतं. मी मुद्दाम शनिवार निवडला, कारण मंगळवार आणि शनिवार हे तिथले बाजाराचे दिवस.

या गावाला आधी चिपिंग वॉल्डन म्हणत. जुन्या इंग्रजीत चिपिंग म्हणजे बाजार. म्हणजे आपल्याकडच्या बाजार भोगावसारखंच झालं: पेठ भरते म्हणून गावाच्या नावालाच बाजार चिकटला. शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार ११४१ साली राजाज्ञेने इकडे हलवला. तिथून मोजलं तर पावणेनऊशे वर्षं होतात, आणि बाजार अजून भरतोच आहे. चौकाच्या कडेला ज्या अरुंद गल्ल्या आहेत त्यांची नावं बुचर रो, मर्सर रो, म्हणजे खाटकांची आळी, कापडवाल्यांची आळी. कोल्हापुरात गुजरी म्हटलं की जसं सोनंच डोळ्यांपुढे येतं, तसं इथेही नावावरून कोणता माल कुठे मिळायचा ते कळतं. आण्णांनी उभी हयात लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात काढली. चौकातली एक दिमाखदार इमारत धान्याच्या सौद्यांसाठी एकोणिसाव्या शतकात बांधली होती आणि आता तिथे गावाचं ग्रंथालय आहे, हे सांगितल्यावर ते आत जाऊन बराच वेळ छताकडे बघत उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "पाडली नाही, हे बरं केलं. सौदे गेले, पण माणसांचं येणंजाणं राहिलं."

केशराची गोष्ट अशी. इथली जमीन चुनखडीची, पाणी धरून न ठेवणारी. केशराच्या कंदाला नेमकी तीच लागते, साचलेल्या पाण्यात तो कुजतो. सोळाव्या-सतराव्या शतकात या पट्ट्यात केशराची मोठी लागवड होती, आणि तिच्यावरूनच चिपिंग वॉल्डनचं सॅफ्रन वॉल्डन झालं. केशर करणाऱ्यांना क्रोकर म्हणत. शरदात जांभळी फुलं उमलली की भल्या पहाटे ती खुडायची, प्रत्येकातले तीन लाल तंतू वेगळे काढायचे, मंद आचेवर सुकवायचे. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. हे काम झटपट होणारं नाही, आणि घरातले सगळे हात त्यात गुंतत. तयार केशर रंगाऱ्यांकडे जाई, वैद्यांकडे जाई, श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र ही शेती इथून संपली. परदेशातून येणारं केशर होतंच, शिवाय खाण्याच्या आवडीही पालटल्या होत्या. अलीकडे एसेक्समध्ये पुन्हा थोडी लागवड सुरू झाली आहे, पण गावाच्या नावातलं केशर त्या जुन्या पिकाचं.

हे केशर इथे आलं कसं, याची एक दंतकथा सोळाव्या शतकातच लिहून ठेवलेली आहे. पूर्वेकडे गेलेल्या एका यात्रेकरूने आपल्या पोकळ काठीत केशराचा एक कंद लपवला आणि जिवावर उदार होऊन तो मायदेशी आणला. आईला ही गोष्ट फार आवडली. आमच्या सौंदत्तीच्या आजीने माहेरून येताना चोळखणात शेवंतीचं रोप बांधून आणलं होतं, त्याची आठवण तिने तिथेच काढली. कंद काठीत आला असो की नसो, झाडाझुडपांचे प्रवास असेच माणसांच्या अंगावरून होत आले आहेत.

गावाच्या मुद्रेवरही केशराची फुलं आहेत, भिंतींनी वेढलेली. वॉल म्हणजे भिंत, त्यावरून वॉल्डन, असा तो शब्दखेळ. सेंट मेरी चर्चमध्ये गेलात तर कमानीच्या कोपऱ्यातलं कोरीवकाम नीट निरखा, तिथे केशराचं फूल सापडेल. आईने चष्मा पुसून पुसून ते शोधलं आणि सापडल्यावर माझा हात घट्ट दाबला.

हे चर्च एसेक्समधलं सगळ्यात मोठं ग्रामचर्च मानलं जातं. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्याच्या सुरुवातीपर्यंत ते नव्याने बांधलं गेलं, आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं जगप्रसिद्ध प्रार्थनागृह ज्यांनी उभारलं त्या पाथरवटांचा हात इथेही लागला आहे. शिखर मात्र १८३२ मधलं, १९३ फूट उंच. आम्ही कुठल्याही गल्लीत शिरलो तरी ते छपरांवरून डोकावत राहायचं, जोतिबाच्या डोंगरासारखं, वाट चुकू न देणारं.

चर्चच्या आवारात मला एक समाधीही पाहायची होती. रॅब बटलर यांची. १९२९ ते १९६५ अशी छत्तीस वर्षं ते या मतदारसंघाचे खासदार होते. त्यांचा जन्म १९०२ चा, तोही आपल्याकडचा, तेव्हाच्या पंजाबातल्या अटकेचा. वडील मोंटेग्यू बटलर पुढे मध्य प्रांताचे गव्हर्नर झाले, म्हणजे त्यांचं ठाणं नागपूरला. आणि स्वतः रॅब भारतमंत्र्यांचे दुय्यम मंत्री असताना १९३५ चा भारत सरकार कायदा संसदेतून पार पडला. त्याच कायद्याखाली १९३७ च्या निवडणुका झाल्या आणि मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. इंग्लंडमध्ये मात्र बटलरांना लोक ओळखतात ते १९४४ च्या शिक्षण कायद्यामुळे. सरकारी माध्यमिक शाळा मुलांना फुकट झाल्या त्या या कायद्याने. अटकेला जन्मलेला माणूस एसेक्समधल्या या हिरवळीत विसावला आहे. "अटकेपार" हा शब्द लहानपणापासून कानांत असलेल्या मला तिथून लवकर पाय निघेना.

आता हत्ती. गावात किल्ल्याचे अवशेष आहेत, बाराव्या शतकातल्या गारगोटीच्या जाड भिंती, आणि त्यांच्या शेजारी १८३५ साली उघडलेलं संग्रहालय. संग्रहालय म्हणूनच बांधलेल्या देशातल्या सर्वांत जुन्या इमारतींपैकी ही एक. १८५१ मध्ये लंडनला जे महाप्रदर्शन भरलं, त्यात हिंदुस्थानच्या दालनात बंगालच्या नवाबाने राणीला पाठवलेली अंबारी मांडायची होती. अंबारी होती, झूल होती, पण ती चढवायला हत्ती नव्हता. शोधाशोध झाली आणि पेंढा भरलेला हत्ती सापडला तो सॅफ्रन वॉल्डनच्या या संग्रहालयात. तो होता आफ्रिकेचा. म्हणजे हिंदुस्थानचं वैभव म्हणून लाखो लोकांनी जे पाहिलं, ते आफ्रिकेच्या हत्तीच्या पाठीवर होतं. तो हत्ती आता तिथे नाही. पण दसऱ्याला अंबारी बघितलेल्या माणसाला कानांवरून फरक कळला असता, हे आण्णांचं म्हणणं खरंच आहे. आपल्या वस्तू दुसऱ्यांनी मांडल्या की काय होतं, ते मला या एका हत्तीने जितकं समजावलं तितकं कुठल्या व्याख्यानाने नाही.

रस्त्यांवरची घरं मी फार थोडक्यात सांगते, कारण ती डोळ्यांनीच बघायची आहेत. लाकडी सांगाडा, मधल्या खणांत चुन्याचा गिलावा, वरचा मजला रस्त्यावर झुकलेला. ओल्ड सन इन नावाच्या जुन्या इमारतीवर तर गिलाव्यातच उठावाची चित्रं काढली आहेत, १६७६ साल कोरलेलं आहे, आणि टॉम हिकाथ्रिफ्ट नावाचा लोककथेतला पहिलवान तिथे राक्षसाशी भिडलेला दिसतो. गाडीचं चाक त्याची ढाल. कोल्हापूरकरांनी ते चित्र चुकवू नये.

माझं सगळ्यात लाडकं ठिकाण गावाच्या पूर्वेकडच्या माळावर आहे. तिथे गवतात कोरलेलं एक चक्र आहे, इंग्लंडमधलं अशा प्रकारचं सर्वांत मोठं. याला भूलभुलैया म्हणू नका, इथे वाट चुकत नाही. एकच वाट आहे, एकात एक सतरा फेरे, चार कोपऱ्यांवर बाहेर आलेले चार बुरूज, आणि वळत वळत शेवटी मधल्या उंचवट्यावर पोचायचं. जेमतेम शंभर फूट व्यासाच्या वर्तुळात आणि त्या बुरुजांत मिळून ही वाट जवळपास मैलभर चालते. कुणी कोरलं, कधी कोरलं, याचा पुरावा नाही. पहिली नोंद १६९९ ची, आणि ती आहे ते पुन्हा कोरून घेतल्याच्या मजुरीची.

मी या नोंदीवर अडखळते, दरवेळी. आपल्याला हे चक्र पहिल्यांदा माहीत होतं तेच मुळी त्याच्या डागडुजीतून. गवत वर्षा-दोन वर्षांत कडा खातं, दहा वर्षांत चर बुजवून टाकतं. दगडी देवळाला शतकभर विसरलं तरी ते उभं असतं, या चक्राचं तसं नाही. १६९९ नंतर गावाने ते पुन्हा पुन्हा कोरलं, विसाव्या शतकात चरीत विटा बसवल्या. एखाद्या पिढीने कंटाळा केला असता, तर आज इथे नुसता माळ असता. इंग्लंडमध्ये अशी चक्रं पूर्वी बरीच होती, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. आपल्याकडे रोज सकाळी सडा घालून रांगोळी काढतात, ती संध्याकाळपर्यंत पुसली जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा. हे त्याच जातीचं काम आहे, फक्त सावकाश. आईने चप्पल काढून हातात घेतली आणि अनवाणी सगळे फेरे पुरे केले. ऑक्टोबरच्या थंडीत! मी नको म्हणत होते. प्रदक्षिणा चपला घालून करत नाहीत, एवढंच ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ऑडली एंडचा महाल. आधी इथे मठ होता. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा तो त्याच्या चॅन्सेलरला, टॉमस ऑडलीला मिळाला. त्याच्या वंशजाने, सफकच्या अर्लने, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एवढा अवाढव्य वाडा उठवला, की पुढे दुसऱ्या चार्ल्स राजाने तो स्वतःसाठी विकत घेतला. नंतर तो खर्च कुणालाच झेपेना, आणि वाड्याचा मोठा भाग पाडून टाकावा लागला. जे उरलंय तेही एका दिवसात बघून होत नाही. आम्ही दिवाणखाने भरभर पाहिले आणि स्वयंपाकघरात रेंगाळलो. तांब्याच्या पातेल्यांच्या ओळी, दूधदुभत्याची गार खोली, कपडे धुण्याची वेगळी खोली. १८८० च्या दशकात एव्हिस क्रोकोम नावाची बाई इथली मुख्य आचारीण होती. तिच्या पाककृतींची वही सापडली, आणि तिच्या वेशात रांधणाऱ्या अभिनेत्रीचे व्हिडिओ आज जगभर बघितले जातात. महालाच्या मालकांपैकी किती जणांची नावं लोकांना सांगता येतील? स्वयंपाकिणीचं येतं. आईला याचा मनापासून आनंद झाला.

मग आण्णांना घेऊन मी वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका दगडी कलशाजवळ गेले. दुसऱ्या महायुद्धात हा महाल लष्कराकडे होता. १९४२ ते १९४४ या काळात पोलंडच्या निवडक तरुणांना इथे गुप्त कामगिरीचं शिक्षण दिलं गेलं, आणि मग रात्रीच्या अंधारात विमानातून छत्रीने त्यांना जर्मनांच्या ताब्यातल्या त्यांच्याच देशात उतरवलं गेलं. परत न आलेल्या १०८ जणांचं हे स्मारक.

पोलंड म्हटल्यावर आण्णा थांबले. "म्हणजे आपल्या वळिवड्याचे?"

त्याच वर्षांत, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेल्या, तिथून इराणमार्गे आलेल्या बायका आणि मुलंच त्यात जास्त. १९४८ पर्यंत ते तिथे राहिले. नंतर त्याच जागी फाळणीत घरं गमावलेले सिंधी आले आणि तिचं गांधीनगर झालं. महावीर उद्यानात पोलिशांनी उभारलेला स्तंभ आम्ही लहानपणी हजारदा ओलांडला असेल. माझी आजी त्या छावणीत भाजी घेऊन जाई. पोलिश बायकांना वांगी कशी करायची ते तिने खुणांनी शिकवलं होतं, आणि त्या तिला "मामा" म्हणायच्या, हे ती हसून सांगायची. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई, हे तिला फार उशिरा कळलं.

आण्णांनी कानटोपी काढली. कलशावरचा मजकूर मी मराठीत सांगत होते, त्यांनी हातानेच थांबवलं. ओल्या गवतात थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग सदऱ्याच्या खिशातून आईची सकाळची सुपारीची पुडी काढून बाजूला केली, आणि चौकातल्या बाजारातून घेतलेला शेवंतीचा छोटा गुच्छ कलशाच्या पायाशी ठेवला. तो गुच्छ त्यांनी आईसाठी घेतला होता. आई काही बोलली नाही. तिने फक्त त्यातलं एक फूल जरा सरळ केलं.