उत्तरेकडची भिंत

शाळेच्या दगडी इमारतीबद्दल लिहा, असा शाळेच्या महोत्सव समितीचा निरोप आला. इमारतीबद्दल मला जे काही कळतं ते भूगोलाच्या सरांमुळे, म्हणून हे मनोगत त्यांच्यावरच जाणार. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

मधल्या सुट्टीत एक पोट्टा उत्तरेकडच्या भिंतीवर कर्कटकानं नाव कोरत होता. मागून सर आले. आता कानाखाली बसणार म्हणून आम्ही बाजूला झालो. सर त्याला म्हणाले, "तांब्याभर पाणी आण बे." ते त्यांनी भिंतीवर ओतलं. दगड भिजला तसं त्यात लांबट पान उमटलं, मधली शीर आणि जाळीदार रेषांसकट. "पंचवीस कोटी वर्षांचं आहे हे. तू त्यावर आपलं नाव लिहून राहिला."

पुढचा इंग्रजीचा तास बुडाला. त्या पानाच्या झाडाचं ग्लोसोप्टेरिस हे नाव सरांनी भिंतीलाच टेकून खडूनं लिहिलं. नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी काळ्या बसाल्टची, म्हणजे लाव्ह्याची. आपला दगड मात्र सिल्लेवाड्याकडचा वालुकाश्म, नदीनं आणलेल्या वाळूचा. नागपूरजवळच्या कामठीची छावणी बसली 1821 साली, पण भूविज्ञानात कामठीचं नाव गेलं ते या दगडामुळे. नागपूरला शाळा काढणारे हिस्लॉप पाद्री इथलीच पानं दगडातून काढून अभ्यासायचे. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, 1863 च्या सप्टेंबरात, बोरीच्या नाल्याला आलेल्या पुरात ते बुडाले. हे सांगताना सर इतके गप्प झाले, की त्यांचे कोणी नातलगच गेले असावेत असं वाटलं. मग एकदम दक्षिण ध्रुव! कॅप्टन स्कॉटची तुकडी परतीच्या वाटेवर मेली, पण सोळा किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते, आणि त्यातही हेच पान निघालं. कामठी आणि अंटार्क्टिका कधीकाळी एकाच भूखंडात होते, हे आम्हाला असं कळलं. पुस्तकात तो धडा दोन वर्षांनी आला.

मी पुढे भूविज्ञानच घेतलं. कोळशाच्या खाणींत नोकरी झाली, परदेशातल्या एका परिषदेत कामठीच्या वालुकाश्मावर निबंधही वाचला. सर तेव्हा हयात नव्हते. असते तर आधी संदर्भ तपासले असते, मग शाबासकी.

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो. पायऱ्यांवर टाइल्स, भिंतींना हातभर उंचीपर्यंत चॉकलेटी ऑइल पेंट. एप्रिलच्या सकाळच्या शाळेत ज्या दगडाला आम्ही पाठ टेकवायचो तो आता चिकट लागतो. वालुकाश्म सच्छिद्र असतो; रंगानं तोंडं बुजली की आतली ओल बाहेर पडत नाही आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कोपऱ्यात ते सुरू झालंय.

महोत्सवाच्या रंगरंगोटीतून उत्तरेकडची भिंत समितीनं वगळावी. आधीचा रंग दगड न खरवडता काढणारा माणूस मी पाठवतो, खर्चही माझा. त्या भिंतीवर देणगीदारांची पाटी मात्र नको, माझीसुद्धा.