शेडमागचा वारा

फेब्रुवारी संपत आला की आमच्या खात्यात लग्नघाई सुरू होते. वर्षभर ‘बघू, बघू’ म्हणणारे साहेब केबिनबाहेर डोकं काढून विचारतात, किती उरलेत? मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, बघते. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के कायद्याने समाजासाठी खर्चायचे असतात. ते कुणामार्फत आणि कुठल्या कलमात बसवायचे हे मी ठरवते, आणि नंतर ऑडिटरच्या गळी उतरवते. नातेवाइकांना वाटतं मी चेक वाटत बसते. खरं तर माझा निम्मा दिवस ‘नाही’ कसं म्हणायचं याचे मसुदे लिहिण्यात जातो.

त्या मंगळवारी गेटवरून फोन आला. ‘मॅडम, चार बायका आल्यात, पाठीवर पोती घेऊन.’ पोती म्हणजे ग्लायडरच्या बॅगा. हार्नेस, म्हणजे बसायचे पट्टे, आणि रिझर्व्ह पॅराशूट धरून एकेक बॅग पंधरा किलोच्या आसपास. सिक्युरिटीच्या काकांचा पेच वेगळाच होता, मटेरियल गेटपास रिटर्नेबल करायचा की नॉन-रिटर्नेबल.

‘रिटर्नेबल लिहा काका,’ त्यांची कप्तान म्हणाली, ‘आजवर तरी प्रत्येक वेळी परत आलीय.’

चौघी कामशेतला उडणाऱ्या. पवना धरणाच्या बाजूच्या डोंगरांवरून ऑक्टोबर ते मे पॅराग्लायडिंग चालतं, तिथल्या. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एक पर्यटकांना टँडमवर, म्हणजे दोघांच्या ग्लायडरवर, नेणारी, एक आयटीतली रजेवर आलेली. सगळ्यात धाकटीचे वडील पायलटांना जीपने डोंगरावर सोडतात. त्या जीपमध्ये बसून बसूनच ती उडायला शिकली. मे महिन्यात इंडोनेशियात अचूक लँडिंगची स्पर्धा होती आणि त्यांना टीम म्हणून जायचं होतं. मागणी 9 लाख 40 हजारांची.

माझ्याकडे येणाऱ्या प्रस्तावांमध्ये शेवटी ‘किरकोळ, 10 टक्के’ अशी एक ओळ असतेच. यांच्या कागदावर ती नव्हती. तिकिटं, प्रवेश शुल्क, विमा, मुक्काम, विमानात जादा सामान 15 किलो गुणिले 4. कागद बघूनच मी अर्धी त्यांच्या बाजूची झाले. हे व्हायला नको असतं.

अचूक लँडिंग म्हणजे काय, हे कप्तानने एका रुपयाचं नाणं टेबलावर ठेवून दाखवलं. लक्ष्याचा मध्य साधारण एवढाच. डोंगरावरून निघायचं, खाली येता येता दोन्ही हातांतल्या ब्रेकनी ग्लायडरचा वेग कमी कमी करत आणायचा आणि नाण्यावर टाच टेकवायची. पहिला स्पर्श जिथे होईल तिथून मध्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतात. ज्याचे सेंटिमीटर कमी तो पुढे. तोल जाऊन पडलात, तर टाच नाण्यावर असली तरी सगळ्यात वाईट गुण. ‘ब्रेक जास्त ओढला तर ग्लायडर उडायचंच थांबतं, कमी ओढला तर नाणं मागे राहतं,’ धाकटी म्हणाली आणि टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी दाखवलं, किती. अर्ध्या पेराइतकं.

आता कायदा. इथे मला थोडं बोलू द्या, कारण माझी विद्या एवढीच. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत खेळ आहेत, पण ‘खेळांचं प्रशिक्षण’ या शब्दांत: ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक. पॅराग्लायडिंग ऑलिम्पिकमध्ये नाही. पण 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ते होतं, आणि केंद्राच्या 2022 च्या हवाई क्रीडा धोरणात त्याचं नाव आहे. तेवढ्यावर मी ‘मान्यताप्राप्त’ ओढूनताणून उभं केलं असतं. पुढची गाठ 2021 च्या दुरुस्तीत आहे. भारताबाहेरचा खर्च सीएसआरमध्ये चालत नाही. अपवाद एकच, आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंचं प्रशिक्षण. आणि त्याच दुरुस्तीत असंही आहे की मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआर धरायची नाही.

भारताचं प्रतिनिधित्व करताय असं कुणाचं पत्र आहे का, मी विचारलं. कप्तानने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून पत्र काढलं. चौघींनाही त्याचा अभिमान होता, ते फोल्डर धरण्यावरूनच कळत होतं. पत्रात लिहिलं होतं की सदर खेळाडूंना सदर स्पर्धेत भाग घेण्यास हरकत नाही, स्वखर्चाने, शासनावर कोणताही भार न पडता. हरकत नाही! मी अशी पुष्कळ पत्रं वाचली आहेत. ‘निवड’ हा शब्द त्यात नसतो आणि तो नाही हे मुलींना कुणीतरी माझ्यासारखंच सांगतं. वर स्पर्धा खुली होती, शुल्क भरून कुठल्याही देशाच्या टीमने यावं अशी.

म्हणून मी त्यांना आमच्या मार्केटिंगच्या साहेबांकडे नेलं. तिथे लोगो चालतो. चालतो कसला, लागतोच. साहेबांनी पहिलं विचारलं, लोगो ग्लायडरवर केवढा येईल? कप्तानने नीट सांगितलं. छापील लोगो हवा तर ग्लायडर ऑर्डर करतानाच सांगावं लागतं, आता वेळ नाही. चिकटवायच्या कापडाची अक्षरं खालच्या बाजूला लावता येतील, पण बेताची, कारण उगाच वजन आणि कडकपणा नको. दुसरं त्यांनी विचारलं, हेल्मेट काढून फोटो मिळतील ना? तिसऱ्यांदा विचारलं नाही, सांगितलंच: डीलर मीटला येऊन चार-पाच डीलरांना चक्कर मारून आणायची.

मग कप्तान माझ्याकडे वळली. ‘म्हणजे मॅडम, लोगो लावला तर तुमचे पैसे चालत नाहीत आणि नाही लावला तर सरांचे चालत नाहीत. मग आम्ही लावायचं काय?’

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तरी ते तयार होत आले होते, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तीन लाखांचा आकडा तोंडून निघाला होता. म्हणाले, चला, खाली लॉनवर जरा उघडून दाखवा, एक फोटो घेऊ, मी वर पाठवतो.

आमचं लॉन पेंट शॉपच्या शेडच्या मागे आहे. शेड चांगली चाळीस फूट उंच. दुपारचे साडेतीन वाजले असतील. धाकटीने ग्लायडर गवतावर पसरलं, निळं आणि पिवळं. कँटीनमधली पोरं काचेला नाक लावून बघायला लागली. दोऱ्या सोडवण्यात दहा मिनिटं गेली. एकेक दोरी बोटांवरून अशी सोडत होत्या की मला आईची वाती वळायची बैठक आठवली. साहेब घड्याळ बघत होते.

‘आता उचला की. उडायचं नाहीये, नुसतं डोक्यावर धरा.’

कप्तान झेंड्याच्या खांबाकडे बघत होती. कंपनीचा झेंडा वर पूर्वेकडे फडफडत होता. तिने वाकून चिमूटभर सुकं गवत उपटलं, खांद्याच्या उंचीवरून सोडलं. काड्या शेडकडे गेल्या, म्हणजे उलट्या, पश्चिमेला. पुन्हा सोडलं तर सरळ पायांशी पडल्या. तिसऱ्यांदा गोल फिरल्या. वारा शेडवरून येऊन मागे कोलांट्या मारत होता. त्याला त्या रोटर म्हणतात. असल्या वाऱ्यात ग्लायडर जमिनीवरसुद्धा माणसाला उचलतं आणि हवं तिथे आपटतं, हे मला नंतर धाकटीने सांगितलं.

‘नाही सर,’ कप्तान म्हणाली. ‘इथे नको.’

‘अहो, दोन मिनिटं.’

‘नको सर. पाहिजे तर शनिवारी कामशेतला या, सकाळी हवेत फोटो देते.’

आणि चौघींनी मिळून ग्लायडर गोळा करायला घेतलं. आपसात काही बोलण्याची गरजही पडली नाही. साहेब जिन्यात मला म्हणाले, ‘ज्यांना एक फोटो देता येत नाही, त्या मेडल काय आणणार?’

मी गप्प बसले. तो जिना दोन मजली आहे, बोलायला वेळ होता.

कारण त्याच सकाळी आमच्या लीगल खात्याने मेलवर विचारलं होतं, या खेळात धोका किती, या महिला सुरक्षेबाबत किती काटेकोर आहेत, लेखी द्या. याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहून आले होते. तीन लाख समोर दिसत असताना गवताच्या चार काड्यांचं ऐकून जी ‘नको’ म्हणते, तिच्याबद्दल आणखी काय लेखी द्यायचं? संध्याकाळी नोटमध्ये ते सगळं लिहिलं, झेंडा, गवत, शेड. माझ्या वरिष्ठांनी लाल पेनाने तो परिच्छेद काढला. ‘नोटमध्ये गोष्टी नकोत.’ त्यांचंही चूक म्हणता येत नाही, कमिटीला एका पानात आटपायचं असतं. पण जिन्यात तर पानाची मर्यादा नव्हती.

शेवटी जमलं ते एवढं: कामशेतच्या सरावशिबिरासाठी 2 लाख 25 हजार. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सीएसआर-1, म्हणजे असे पैसे घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, असलेल्या एका ट्रस्टमार्फत, कारण त्यांच्या क्लबची ती नोंदणी नव्हती. लोगो नाही, परदेश नाही, शब्द फक्त ‘प्रशिक्षण’. फाइल म्हणून बघाल तर ते निर्दोष काम आहे.

मेमध्ये दोघीच गेल्या. शिक्षिका सोनं गहाण ठेवून, आयटीवाली साठवलेल्या पैशांवर. दोघींची टीम धरत नाहीत, म्हणून वैयक्तिक उतरल्या. कप्तान गेली नाही. टँडमवाली ती, सीझनमध्ये मे सोडला तर घर चालत नाही. धाकटीही गेली नाही. निकाल मी विचारला नाही. त्यांनीही कळवला नाही.

त्याआधी एप्रिलमध्ये ट्रस्टकडून शिबिराचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्चले त्याचा हिशेब, आलं होतं. जीपच्या प्रत्येक फेरीची पावती, तारीख आणि वेळेसह. तीन दिवसांपुढे लिहिलं होतं, ‘वारा योग्य नाही, फेरी नाही’. आणि सोबत 3,180 रुपयांचा चेक, त्या तीन दिवसांच्या न झालेल्या फेऱ्यांचा. आठ वर्षांत मला कुणी पैसे परत केले नव्हते. अकाउंट्सला विचारलं, कुठल्या खात्यात घेता? ते म्हणाले, वर्ष बंद झालं, तुम्हीच सांगा. नियमाने पाहिलं तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या अनुसूचीतल्या निधीत भरायची. इंडोनेशियाच्या तिकिटाला ती चालत नव्हती, तिथे चालते.

चेक माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याची मुदत तीन महिने. त्यातले दोन संपले.