तुम्ही विचारलंत म्हणून: डिग्री का नाही केली?

लग्नात भेटा, मयतीला भेटा, प्रश्न एकच. "डिप्लोम्याला एवढे मार्क, इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला नंबर लागला होता, मग डिग्री का सोडलीस?" मी म्हणतो, "२०१६." आमच्या लातूरकडचा माणूस असला की पुढं विचारत नाही. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साल. तो मान हलवतो, पंगतीत पुढचं वाढायला येतं.

दुष्काळ खराच होता. पण माझं कारण खोटं आहे.

पैसे होते. उन्हाळ्यातच आबांनी हाळीच्या बाजारात बैलजोडी नेली. कासरा माझ्या हातात होता. दलालानं भाव सांगायला रुमालाखाली आबांची बोटं दाबली, आबांनी हात मागं ओढला, त्यानं परत धरला. असं तीनदा झालं. बाजारात घेणारं कुणी नव्हतंच, सगळे विकायलाच आलेले. ४२,००० वर सौदा ठरला. आबांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून पिशवीत टाकल्या आणि टेम्पोत बसल्यावर एवढंच म्हणाले, "तुझी फी झाली."

पावसाळ्यात ते पैसे बनियनच्या खिशात घालून मी औरंगाबादला गेलो. तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. कॉलेजात रिपोर्टिंगच्या रांगेत माझ्या पुढं दोघंच उरले होते, आणि मागची पोरं एम-थ्रीबद्दल, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरबद्दल बोलायलेली. डिप्लोमावाल्यांना एम-वन, एम-टू न शिकताच तो पेपर द्यावा लागतो, निम्मे तिथंच लटकतात, वगैरे. माझे मार्क वर्कशॉप आणि ड्रॉइंगचे; गणित मी पाठ करून काढलेलं. पोटात गोळा आला. फाईल घेऊन रांगेतून बाहेर पडलो आणि वाळूज एमआयडीसीची बस धरली. तिथं मित्राची रूम होती. चौथ्या दिवशी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलो, महिना साडेआठ हजार.

आबांना फोनवर सांगितलं, "कागद कमी पडले, सीट गेली." ते म्हणाले, "जाऊ दे. पैसे नीट ठेव."

तेव्हाचा मी म्हणायचो, घर सावरायला कामाला लागलो. काय सावरलं? त्याच सप्टेंबरात धो धो पाऊस झाला, मांजरा धरण भरलं आणि जनावरांचे भाव चढले. मी परत केलेल्या पैशांत एकच बैल आला. पुढची दोन वर्षं आबांनी शेजाऱ्याशी सावड करून, त्याचा बैल आपल्या बैलाला जोडून पेरलं.

आता लगेच "बघ, शिकायला पाहिजे होतं" म्हणू नका. माझ्या लाईनवर दरवर्षी बीई झालेले ट्रेनी येतात आणि मापाचा व्हर्निअर कसा धरायचा ते मीच दाखवतो. माझ्या बॅचचे दोघं डिग्री करून गावात बसून आहेत, परीक्षा देतायत. हे मी फार चवीनं सांगतो, हेही मला कळतं. कारण दोन वर्षांपूर्वी प्रमोशनच्या अर्जात 'पदवी आवश्यक' वाचलं आणि ट्रेनींना शिकवणारा मी फिटर त्या ओळीपाशीच थांबलो. परवा नोकरी सांभाळून करायच्या डिग्रीचा फॉर्म मोबाईलवर उघडला. सिलॅबस बघितला. गणित आहेच.

आबा अजून पाहुण्यांना सांगतात, "त्या साली पैसाच नव्हता हो, नाहीतर पोरगं इंजिनिअर झालं असतं." बाजारात काढलेल्या घुंगुरमाळा त्यांच्याच खाटेवरच्या खुंटीला आहेत. ते असं का सांगतात, मी विचारलेलं नाही.