अमेरिकेतल्या ऑनलाइन स्टिंग खटल्यांची अपिलं: माझा अनुभव

एजंट इंटरनेटवर तेरा-चौदा वर्षांचं मूल असल्याचं भासवतो, किंवा अशा मुलाचा बाप असल्याचं सांगतो, आणि पलीकडचा माणूस ठरल्या जागी येऊन पकडला जातो. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांतल्या अशा खटल्यांत शिक्षा झाल्यानंतरची अपिलं तयार करणं हे माझं काम. नातेवाइकांचा पहिला मुद्दा बहुतेक वेळा एकच असतो: "अहो, पण खरं मूल तर कुणी नव्हतंच!" हा मुद्दा पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावा लागतो. अल्पवयीन मुलाला लैंगिक कृत्यासाठी फूस लावण्याबद्दलच्या फेडरल कलम २४२२(बी)मध्ये प्रयत्नही गुन्हाच आहे. समोर अल्पवयीन मूल आहे असं आरोपीला वाटत होतं, एवढं सिद्ध झालं तर मूल काल्पनिक असून काही फरक पडत नाही. किमान शिक्षा १० वर्षं, कमाल जन्मठेप. कायदा इतका कडक का, हे ते चॅट वाचलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. अपिलात भांडायचं असतं ते खटला नियमाने चालला का, यावर.

सगळ्यात आधी तारीख. नोटिस ऑफ अपील दाखल करायला १४ दिवस मिळतात, आणि ते मोजायचे लेखी जजमेंट डॉकेटवर, म्हणजे कोर्टाच्या नोंदवहीत, चढल्या दिवसापासून. ज्युरीचा निकाल कधी आला किंवा न्यायाधीशांनी शिक्षा कधी सुनावली, यावर ते अवलंबून नाहीत. नोटिस द्यायची खटला चाललेल्या डिस्ट्रिक्ट कोर्टात, अपील ऐकणाऱ्या सर्किट कोर्टात नाही. कागद जेमतेम एक पानाचा: अपील कोण करतंय, कुठल्या जजमेंटवर, कुठल्या कोर्टाकडे. युक्तिवाद त्यात घालायचा नसतो. मुदत हुकली तर सबळ कारण दाखवून डिस्ट्रिक्ट कोर्टाकडून जास्तीत जास्त ३० दिवस वाढवून मिळू शकतात, पण त्या भरवशावर राहणं म्हणजे जुगारच. माणूस तुरुंगात असेल आणि स्वतः नोटिस पाठवत असेल, तर शेवटच्या दिवसापर्यंत ती तुरुंगाच्या टपालात पडली की मुदतीत धरतात. कधी दिली ते मात्र सोबत लिहून द्यावं लागतं. फी ६०५ डॉलर. खटल्यातच सरकारी खर्चाने वकील मिळाला असेल तर फीमाफीसाठी वेगळा अर्ज लागत नाही.

गुन्हा कबूल करताना अपिलाचा हक्क सोडल्याची सही केली असेल तर काय? अशिलाने सांगितलं असेल तर वकिलाने तरीही नोटिस द्यायचीच. गार्झा विरुद्ध आयडाहो या २०१९च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं आहे. ती सही किती मुद्द्यांना आड येते, हे नंतर ठरतं. कबुलीत आणखी एक खड्डा आहे. झडतीवरच्या हरकतीचा मुद्दा अपिलासाठी राखून ठेवायचा असेल, तर सशर्त कबुली लेखी लागते आणि तिला सरकारी वकील आणि कोर्ट दोघांची संमती लागते. साधी कबुली दिली की तो मुद्दा जवळपास नेहमीच संपतो.

अपील चालू असताना बाहेर राहता येईल का, हा प्रश्न घरचे विचारतातच. बहुतेक वेळा नाही. जामिनाच्या कायद्यात कलम २४२२सारखे गुन्हे हिंसक गुन्ह्यांच्या व्याख्येत बसवले आहेत, त्यामुळे असाधारण कारण दाखवल्याशिवाय दार उघडत नाही.

आता रेकॉर्ड. आपल्याकडे फौजदारी अपिलात हायकोर्ट पुरावा पुन्हा तपासू शकतं, म्हणून मराठी घरांत अपील म्हणजे पुन्हा एकदा खटला अशी समजूत असते. तिथे तसं नाही. सर्किट कोर्टाचे तीन न्यायाधीश कुणाची साक्ष ऐकत नाहीत, नवा कागद घेत नाहीत. जे खालच्या कोर्टात नोंदलं गेलं, तेवढंच. म्हणून नोटिशीनंतर १४ दिवसांत ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सुनावणीच्या शब्दशः नोंदीची, ऑर्डर द्यायची आणि ती अर्धवट द्यायची नाही. साक्षी तर हव्यातच, शिवाय ज्युरी निवड, ज्युरीला द्यायच्या सूचनांवरची चर्चा, न्यायाधीशांच्या बाकाजवळ हळू आवाजात झालेली बोलणी आणि शिक्षेची सुनावणी, सगळं मागवायचं. सूचनांवरची चर्चा वगळली जाते तेव्हा हमखास नेमका तिथेच मुद्दा असतो.

चॅटचे एक्झिबिट (पुरावा म्हणून दाखल झालेल्या प्रती) मी ट्रान्सक्रिप्टच्याही आधी उघडते. बऱ्याचदा ते डॉकेटवर नसतात, डिस्कवर असतात, आणि ती डिस्क रेकॉर्डमध्ये आली आहे का ते क्लार्ककडून वेगळं तपासून घ्यावं लागतं. मग वेळा. फोनमधून काढलेल्या अहवालात वेळ सहसा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, एजंट साक्षीत स्थानिक वेळ सांगतो. पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात पाच तासांचा आणि उन्हाळ्यात चार तासांचा फरक पडतो, म्हणजे रात्री साडेआठचा मेसेज अहवालात दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर जातो. लैंगिक विषय आधी कुणी काढला, वय कितव्या मेसेजला सांगितलं, नकार कधी आला आणि त्यानंतर पुन्हा कोण लिहू लागलं, यावर अख्खं अपील उभं राहू शकतं. तिथे तारीख चुकली की ब्रीफमधलं, म्हणजे अपिलाच्या लेखी युक्तिवादातलं, एक वाक्य खोटं ठरतं आणि उरलेल्यांवरचाही विश्वास जातो. म्हणून एक साधा तक्ता करायचा: एक्झिबिटचं पान, यूटीसी वेळ, स्थानिक वेळ, कोण बोललं, आणि साक्षीत त्या मेसेजबद्दल कुठल्या पानावर काय सांगितलं. दोन ॲपवर बोलणं झालं असेल तर दुसऱ्या ॲपचा भाग कोर्टापुढे आलाच नाही, असंही या तक्त्यात दिसतं. बचाव पक्षाने उरलेला चॅट मागितला आणि तो ऐकीव पुरावा म्हणून नाकारला गेला असेल, तर पुराव्याच्या नियम १०६ला धरायचं. तो १ डिसेंबर २०२३पासून बदलला आहे. अर्धवट वाचनाने गैरसमज होत असेल तर उरलेला भाग ऐकीव म्हणून अडवता येत नाही.

खऱ्या मुलांची चित्रं असलेला पुरावा मात्र सरकारच्याच ताब्यात राहतो. वकिलालाही तो सरकारी जागेत जाऊनच बघावा लागतो, आणि मुलाची ओळख सांगणारा कोणताही तपशील उघड फाइलिंगमध्ये येऊ द्यायचा नाही. यात ढिलाई अजिबात चालत नाही, आणि चालूही नये.

मुद्दे निवडताना दोन गोष्टी बघायच्या: हरकत घेतली होती का, आणि नेमकी कशाची. ट्रान्सक्रिप्टमध्ये नुसतं "ऑब्जेक्शन, फाउंडेशन" (साक्षीला आधार दाखवला नाही) असेल आणि अपिलात म्हणायचं असेल की एजंटने आरोपीच्या मनातला हेतू सांगितला, तर ती हरकत त्या मुद्द्याची नव्हती. मग प्लेन एररची, म्हणजे हरकत न घेतलेल्या चुकीसाठीच्या कडक कसोटीची, पायरी चढावी लागते. ओलानो या १९९३च्या निकालाप्रमाणे चूक झाली, ती उघड होती, तिचा निकालावर परिणाम झाला आणि त्यामुळे न्यायप्रक्रियेच्याच प्रतिष्ठेला धक्का बसतो, हे चारही दाखवायचं. बहुतेक मुद्दे तिसऱ्यावर गळतात, कारण चॅट समोरच असतो.

एन्ट्रॅपमेंट, म्हणजे गुन्ह्याची कल्पना सरकारनेच डोक्यात भरली हा बचाव. यावर लोकांची भिस्त फार असते आणि समज कमी. एजंटने खोटं बोलणं, खोटा फोटो लावणं, संधी देणं, हे पुरेसं नाही. सरकारने प्रवृत्त केलं आणि आरोपीचा मुळात तसा कल नव्हता, असे दोन भाग आहेत. आधार जेकबसन विरुद्ध युनायटेड स्टेट्स या १९९२च्या निकालाचा. तिथे सरकारी खात्यांनी वेगवेगळ्या खोट्या नावांनी २६ महिने पत्रव्यवहार केला होता, आणि सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा रद्द केली. सरकारने गाठण्याआधीच माणसाचा कल होता, हे सरकारने निःसंशय सिद्ध करायला हवं, असं कोर्ट म्हणालं. पण वय कळल्यावर पुढच्याच मेसेजमध्ये जो 'चालेल' म्हणतो, त्याला जेकबसनचा काही उपयोग नाही.

इथे मुद्दा कसा मांडायचा, यावर सगळं अवलंबून आहे. ज्युरीने बचाव ऐकून फेटाळला असेल तर वरचं कोर्ट पुरावा सरकारच्या बाजूने झुकवून वाचतं, आणि अपील जवळपास तिथेच बुडतं. पण न्यायाधीशांनी ज्युरीला एन्ट्रॅपमेंटची सूचनाच दिली नसेल, तर तोच पुरावा आरोपीच्या बाजूने वाचला जातो. म्हणून ही सूचना मागितली होती का आणि नाकारताना काय कारण दिलं, ते मी आधी शोधते. 'मी गुन्हा केलाच नाही' म्हणणाऱ्यालाही ती मागता येते, हे मॅथ्यूज या १९८८च्या निकालाने ठरलं आहे. जिंकलं तर मिळतो तो नवा खटला, सुटका नाही. सुटका मिळते ती पुरावाच अपुरा ठरला तर, आणि त्यासाठी खालच्या कोर्टात नियम २९चा, म्हणजे पुरावा अपुरा म्हणून निर्दोष सोडण्याचा, अर्ज झालेला असणं फार मोलाचं. सातव्या सर्किटने २००८ साली नुसतं अश्लील बोलणं म्हणजे प्रयत्न नव्हे, ठोस पाऊल लागतं, असं म्हणून एक शिक्षा रद्द केली. तिकीट, हॉटेल, गाडीने येणं यातलं काही घडलं असेल तर हा निकाल कामाचा नाही. काल्पनिक मुलाच्या 'बापा'शी बोलणं झालेल्या खटल्यांत डीसी सर्किटचा २०१४चा निकाल बघायचा. मुलाचं मन वळवण्याचा हेतू ज्युरीला नीट समजावला गेला होता का, हा त्यातला प्रश्न.

झडतीचे मुद्दे थोडक्यात. प्लेपेन ही मुलांच्या लैंगिक चित्रांची छुपी साइट एफबीआयने २०१५मध्ये सुमारे दोन आठवडे स्वतः चालवली आणि व्हर्जिनियातल्या एकाच वॉरंटवर देशभरातल्या संगणकांची ओळख काढली. अनेक कोर्टांना त्या वॉरंटमध्ये हद्दीबाहेर गेल्याचा दोष दिसला, तरी एजंटांनी सद्भावनेने त्यावर विसंबून काम केलं म्हणून पुरावा टिकला. १ डिसेंबर २०१६पासून वॉरंट कुठल्या हद्दीत चालतं ते सांगणारा नियम ४१च बदलला, त्यामुळे तो जुना युक्तिवाद आता उचलून लावू नये.

शिक्षेच्या भागाकडे फार कमी लोक लक्ष देतात. खरं तर काही हाती लागलंच तर इथेच लागतं. शिक्षा किती ते मोजायच्या फेडरल गाइडलाइन २जी१.३मध्ये अल्पवयीनावर अवाजवी प्रभाव टाकल्याबद्दल दोन लेव्हल, म्हणजे शिक्षेच्या मोजणीतल्या पायऱ्या, वाढतात. पण एकमेव 'मूल' म्हणजे वेष घेतलेला अधिकारी असेल, तर त्यातला हा भाग लागू नाही, असं तिथल्या टीपेतच लिहिलं आहे. मूल बारा वर्षांखालचं सांगितलं असेल तर आठ लेव्हलची वाढ मात्र काल्पनिक मुलालाही लागते. सुटकेनंतरची देखरेख किमान पाच वर्षं, कमाल आयुष्यभर. तिच्या अटी न्यायाधीशांनी तोंडी उच्चारल्या का, आणि लेखी जजमेंटमध्ये नवी अट घुसली का, हे ओळीला ओळ लावून तपासायचं. चौथ्या आणि पाचव्या सर्किटने २०२० साली ऐच्छिक अटी उघड कोर्टात सांगायलाच हव्यात असं ठरवलं. सरसकट इंटरनेटबंदी असेल तर सोशल मीडियावरची बंदी घटनाबाह्य ठरवणारा २०१७चा पॅकिंगहॅम निकाल हाताशी ठेवावा.

रेकॉर्ड आलं की ब्रीफला ४० दिवस, सरकारच्या उत्तराला ३०, प्रत्युत्तराला २१. मर्यादा १३,००० शब्द. तेवढे भरावे लागत नाहीत. तीन मुद्दे पुष्कळ झाले. आठ मुद्द्यांचा ब्रीफ म्हणजे एकही धड नसल्याची कबुलीच. चॅटमधलं वाईट वाक्य आपणच आधी लिहायचं, सरकारच्या ब्रीफमध्ये ते पहिल्यांदा दिसता कामा नये.

निकाल विरुद्ध गेला तर फेरविचाराच्या अर्जाला १४ दिवस, सुप्रीम कोर्टाला ९० दिवस. आधीच्या वकिलाने काम नीट केलं नाही, ही तक्रार अपिलात सहसा घालायची नाही, कारण तिचा पुरावा रेकॉर्डमध्ये नसतो. ती कलम २२५५च्या अर्जात, म्हणजे शिक्षेला नंतर वेगळं आव्हान देण्याच्या अर्जात, जाते, आणि त्याला शिक्षा अंतिम झाल्यापासून एक वर्ष मिळतं. सुप्रीम कोर्टात गेलंच नाही तर ते वर्ष ९० दिवस संपल्यावर सुरू होतं. त्यासाठी जुन्या वकिलाकडची फाइल अपील चालू असतानाच मागून घ्यावी. ती तुरुंगात पाठवून उपयोग नाही: फेडरल तुरुंगात कैद्याला स्वतःचा प्रिसेंटेन्स रिपोर्ट (शिक्षेआधी कोर्टासाठी तयार होणारा अहवाल) जवळ ठेवता येत नाही, आणि या खटल्यांचे कागद इतर कैद्यांच्या नजरेला पडणं धोक्याचं असतं. महत्त्वाची पानं भेटीत बसून वाचून दाखवायची, आणि त्या भेटीची वेळ आधी ठरवून घ्यायची.