इंजिन चांगलं होतं, नंबर दुसराच होता

मला चार सिलिंडरचंच इंजिन हवं होतं. हौस म्हणा. २०२० मध्ये चाकणला बनणाऱ्या पोलोतलं चार सिलिंडरचं १.२ टर्बो गेलं आणि तीन सिलिंडरचं १.० आलं. २०२४ ची नवी स्विफ्टही तीनवरच आली. सिग्नलला उभं असताना तीन सिलिंडरवाल्यांच्या स्टिअरिंगमधून येणारी ती बारीक थरथर मला सोसत नाही, म्हणून मी जुन्या गाड्यांकडे वळलो.

पुढेमागे थोडं ट्यूनिंग करायचं होतं. पोलो जीटीला रीमॅप केलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदललं, की ताकद चांगली वाढते, कारण टर्बो. पण तिच्या सात गिअरच्या डीएसजीच्या, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, दुरुस्तीचे आकडे ऐकून मी तो नाद सोडला. बिनटर्बोच्या इंजिनात इनटेक (हवा आत घेणारा भाग) आणि एक्झॉस्ट हेडर (धूर बाहेर नेणारे पाइप) बदलून चार-पाच बीएचपी वाढले तरी खूप, हे आधीच मान्य करून टाका. अडीच लाखांत माझ्या यादीत उरल्या तीन: स्विफ्टचं जुनं १.३, डिकीवाल्या जुन्या बलेनोचं १.६ आणि होंडा सिटीचं १.५ व्हीटेक. बलेनो धड स्थितीत एकही दिसली नाही.

सिटी मिळाली वाकडला. २००२ ची, १०६ बीएचपीची. दोनदा आरसी रिन्यू झालेली. (पंधरा वर्षांवरच्या कारला ही फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली. भाव करताना मुदत कधी संपते ते बघा, ती फी कोणाच्या खिशातून जाणार यावर भांडण होतं.) नाना पेठेतले आमचे मेकॅनिक, त्यांना आम्ही मामा म्हणतो, सोबत होते. त्यांनी इंजिन गरम करून चारही प्लग काढले, मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला लावला आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजलं. १७५, १८०, १७५, १७५ पीएसआय, चारही जवळपास सारखे. मामा सहसा गाडीची स्तुती करत नाहीत. "झकास आहे," म्हणाले. मी तिथेच वीस हजार टोकन देऊन बसलो.

मग मामांनी चिंधीला पेट्रोल लावून ब्लॉकवरची घाण पुसली आणि गिअरबॉक्सजवळचा इंजिन नंबर वाचायला सुरुवात केली. मी आरसी धरून उभा. तिसऱ्याच आकड्याला थांबवलं. परत वाचायला लावला. वेगळाच नंबर.

मालक शांत. "अहो साहेब, मागच्या वर्षी गरम होऊन हेड गेलं, ब्लॉकला तडा गेला. म्हणून त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन बसवलं. सेम टू सेम. आठ दिवसांत आरसीवर नोंद करून देतो."

त्या आठ दिवसांचे सात आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात एजंट गावाला. दुसऱ्यात सर्व्हर डाऊन. तिसऱ्यात मालक फोन उचलेना. चौथ्या आठवड्यात अर्धी रजा टाकून मी स्वतः आरटीओत गेलो. दीड तास रांग. खिडकीवरच्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले. इंजिनाचं बिल कुठे आहे? ज्या गाडीतून काढलं तिचे कागद कुठे आहेत? मी हुज्जत घातली, की मी तर फक्त घेणारा. त्या म्हणाल्या, "मग घेऊ नका."

पार्किंगपर्यंत मी धुसफुसत आलो. स्कूटरला किक मारताना लक्षात आलं की बाईंचं चुकलं काहीच नाही. ते इंजिन चोरीच्या गाडीतलं असेल तर पोलिसांना दारात मी सापडणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि त्याची आरसीवर नोंद लागते. तरीही माझा राग त्या खिडकीवरून उतरायला दोन दिवस लागले.

मालकाने पाचव्या आठवड्यात बिल आणलं. भंगारवाल्याच्या कोऱ्या पावतीवर पेनाने लिहिलेलं: "जुने इंजिन, १ नग." नंबर नाही, तारीख नाही. एजंट म्हणाला, "चेसिस नंबर जुळतोय ना? इंजिन कोण बघतंय! ट्रान्सफर होऊन जाईल." खरं सांगतो, त्या दिवशी मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मामांनी अडवलं. "उद्या कुठे ठोकली तर इन्शुरन्सचा सर्व्हेयर बघेल. मग क्लेम कोणाकडे मागशील?"

दरम्यान हडपसरची एक चांगली स्विफ्ट दुसऱ्याच कोणीतरी नेली.

शेवटी कोथरूडमधून २००८ ची स्विफ्ट घेतली, एकाच मालकाची, एक लाख साठ हजारांत. इंजिन १२९८ सीसी, ८७ बीएचपी. २०१० मध्ये पेट्रोल स्विफ्टला १.२ चं के-सिरीज इंजिन आलं, बाराशे सीसीच्या आतल्या छोट्या गाड्यांना एक्साइज कमी होता म्हणून. त्यात टायमिंग चेन आहे, माझ्यात बेल्ट, जो ठरावीक काळाने बदलावा लागतो. बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा, नुसतं "बदललाय" ऐकू नका. जुन्या कात्रज घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढवली, टेम्परेचरचा काटा हलला नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बाकी काही अडलं नाही. हेडर बसवायचा विचार अजून आहे, आधी इन्शुरन्सवाल्यांना विचारून.

टोकनपैकी पंधरा हजार परत आले. उरलेले पाच "गुरुवारी" येणार आहेत.

आणि हो, गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगा की इंजिन थंडच ठेवा. पोचल्यावर बॉनेट गरम लागलं तर कशासाठी गरम केलंय ते विचारा. सोबत टॉर्च, चिंधी, बाटलीत थोडं पेट्रोल आणि जुना टूथब्रश न्या. पाकीट मात्र नंबर वाचून झाल्यावर काढा.