सगळे बँकेत

२०२३ साली श्रमबल सर्वेक्षणासाठी, म्हणजे कोण काय काम करतं याच्या सरकारी पाहणीसाठी (आमच्या भाषेत पीएलएफएस), इचलकरंजीतला एक ब्लॉक माझ्याकडे होता. यंत्रमागाचं गाव, त्यामुळे जॉबर, कांडीवाल्या, वहिफणीवाले यांच्या कामांचे आकडी कोड तोंडपाठ झालेले. अशात एका घरी काकांनी मी टॅब उघडायच्या आतच सांगून टाकलं, "आमच्यात सगळे बँकेत."

सगळे म्हणजे काका, दोन मुलगे आणि थोरली सून.

काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, पेन्शनवर. कोड ९४, श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या, बाहेर. थोरला बँकेच्या दारात गार्ड. गणवेशाच्या खिशावर मात्र सिक्युरिटी एजन्सीचं नाव शिवलेलं आणि पगारही तीच देते. आम्ही उद्योग विचारतो तो नोकरी देणाऱ्याचा. तो ८० मध्ये, म्हणजे सुरक्षा सेवांमध्ये गेला. धाकटा दुचाकीच्या शोरूममध्ये टेबल टाकून कर्जाच्या फायली करतो, गळ्यात फायनान्स कंपनीचं कार्ड. पगाराची स्लिप मोबाइलवर उघडली, तर वर माणसं पुरवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचं नाव. म्हणजे ७८, माणसं पुरवण्याचा उद्योग.

उद्योगांच्या वर्गीकरणात, एनआयसी २००८ मध्ये, वित्त आणि विमा हा 'के' विभाग, ६४ ते ६६. आणि ७८, ८० येतात 'एन' मध्ये, ट्रॅव्हल एजन्सी आणि साफसफाईवाल्यांच्या शेजारी. शाखा वाढतात, कर्जं वाढतात आणि 'के' मधली माणसं तेवढी वाढत नाहीत, तेव्हा सगळे संगणकाला दोष देतात. मला त्यात कंत्राटही दिसतं.

काकांना हे लगेच समजलं. नोकरीत असताना ३१ मार्चचा बीएसआर-२ तक्ता रिझर्व्ह बँकेसाठी तेच भरायचे: ठेवी किती, अधिकारी किती, कारकून किती, शिपाई किती, त्यात बायका किती. "आमच्या वेळी गार्ड आमच्याच पगारपत्रकावर," ते म्हणाले. "माझ्या तक्त्यात आला असता की हा."

खरा वेळ सुनेनं घेतला. त्या पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करतात. सकाळी पानपट्ट्या, चहाचे गाडे, संध्याकाळी यंत्रमागाची पाळी सुटायच्या वेळी कारखान्यांच्या दारात. खांद्याला पर्स, हातात पावती फाडणारं छोटं मशीन, गठ्ठ्याला रबर. रात्री मशीन संस्थेत नेऊन हिशेब जुळवायचा, रोकड भरायची. शेकड्याला ठरलेलं कमिशन. पगार नाही, रजा नाही, पीएफ नाही. उलट अनामत त्यांचीच संस्थेकडे.

आता यांना ११ द्यायचा, म्हणजे स्वतःचा धंदा, की ३१, नियमित पगारदार? सुपरवायझरना फोन लावला. पिग्मी एजंट 'कामगार' ठरतात असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे, हे काका मागून सांगत होते. साहेब म्हणाले, "तो औद्योगिक विवाद कायद्याचा प्रश्न. आपण वेळ कोण ठरवतं आणि कमाई कशावर, ते बघायचं." ११ टाकला. मग गेल्या सात दिवसांचे रोजचे तास. ताई बोटं मोजत बसल्या, कारण मधे स्वयंपाक, मुलाची शाळा, परत वसुली. मोजता मोजता मला विचारलं, "साहेब, तुमचं खातं काढू का? रोजचे वीसच."

काकांना शेवटी आकडा हवा होता: इचलकरंजीत वित्तक्षेत्रात माणसं किती? तो आमच्याकडे नव्हता. तेव्हा नमुना राज्याच्या अंदाजासाठी काढलेला असायचा. जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक झाला जानेवारी २०२५ पासून, आणि गावाचा आकडा त्यातूनही निघत नाही.

"बरं, आमच्या घरातला तरी सांगा. बँकवाले किती?"

"'के' मध्ये एकच. ताई."

काका उखडलेच. "ती? ती पतसंस्था आहे! सहकार खात्याकडे नोंदलेली. तिला बँक म्हणायचा अधिकार तरी आहे का?"

"पैसे मात्र रोज येतात हां, मामा," ताई आतून म्हणाल्या.